सूट लाखात, परफ्युम हजारात : फॅशन डिझायनरच्या नावाचा खरा मालक कोण?

लग्नसराई आली की नागपुरात सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत भेटवस्तूंची शोधाशोध सुरू होते. मित्राचं लग्न आहे, बजेट काही हजारांचं आहे, शर्टाचं माप माहीत नाही. मग गाडी येऊन थांबते ती परफ्युमवर. काउंटरवरच्या बाटल्यांकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते. यातली बरीच नावं माणसांची आहेत. जॉर्जिओ अरमानी, ख्रिश्चन डिओर, कॅल्विन क्लाईन, राल्फ लॉरेन. सगळे फॅशन डिझायनर. म्हणजे आयुष्यभर कपडे बनवणारी माणसं.

मग कपडे बनवणाऱ्याच्या नावाचा सुगंध कोण बनवतं? त्या बाटलीचे पैसे कुणाला जातात? आणि डिझायनर गेल्यावर, किंवा त्याला कंपनीतून बाहेर काढल्यावर, त्याच्या नावाचं काय होतं?

हा प्रश्न सध्या फॅशनच्या जगात जोरात आहे. कारण ४ सप्टेंबर २०२५ रोजी जॉर्जिओ अरमानी यांचं वयाच्या ९१ व्या वर्षी मिलानमध्ये निधन झालं. त्यानंतर त्यांचं मृत्युपत्र उघडलं गेलं आणि आयुष्यभर कंपनीचं स्वातंत्र्य जपणाऱ्या या माणसाने मागे लिहून ठेवलेलं वाचून अनेकांच्या भुवया उंचावल्या. तिथपर्यंत जायचं तर आधी हा माणूस समजून घ्यावा लागेल.

डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा

अरमानी यांचा जन्म ११ जुलै १९३४ चा, उत्तर इटलीतल्या पियाचेन्झा गावातला. लहानपण दुसऱ्या महायुद्धाच्या सावटाखाली गेलं. पुढे त्यांनी मिलानमध्ये वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला, पण ते अर्धवट सोडलं. १९५७ च्या सुमारास ते 'ला रिनाशेन्ते' या मिलानमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये कामाला लागले. काम होतं दुकानाच्या काचेमागची सजावट करण्याचं, नंतर कपड्यांच्या खरेदीचं. फॅशनची पदवी नाही, घरात या धंद्याचा वारसा नाही. गिऱ्हाईक काय बघतं, कापडाला हात लावून काय म्हणतं आणि काय न घेता निघून जातं, हे त्यांनी दुकानात उभं राहून पाहिलं.

१९६० च्या दशकात त्यांनी निनो चेरुती यांच्याकडे पुरुषांच्या कपड्यांचं डिझाइन केलं. आणि १९७५ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, सर्जिओ गॅलेओत्ती या साथीदाराबरोबर स्वतःची कंपनी काढली. भांडवल उभं करायला त्यांनी आपली फोक्सवॅगन गाडी विकल्याचं सांगितलं जातं.

त्यांनी केलेला बदल ऐकायला साधा वाटतो. त्या काळचा पुरुषांचा कोट म्हणजे आतून कडक कापड, खांद्यावर पॅडिंग, जाड अस्तर. अरमानींनी हे सगळं काढून टाकलं. कोट अंगावर सैलसर, मऊ पडू लागला. १९८० मध्ये 'अमेरिकन जिगोलो' या सिनेमात रिचर्ड गेअरने तो कोट घातला आणि अरमानी हे नाव अमेरिकेत घराघरात गेलं. १९८२ मध्ये 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले.

त्याच वर्षी बायकांसाठीचा त्यांचा पहिला परफ्युम आला. १९८४ मध्ये पुरुषांचा आला. योगायोग नाही. नाव तापलं की बाटली बाजारात आणायची, हा या धंद्याचा जुना नियम आहे.

शिंपी एक, सुगंध दुसऱ्याचा

इथे सगळ्यात मोठा गैरसमज दूर करायला हवा. अरमानींचा परफ्युम अरमानींनी प्रयोगशाळेत बसून बनवलेला नाही. त्यांचा कारखानाही तो बनवत नाही.

१९८८ पासून अरमानी नावाचे परफ्युम आणि सौंदर्यप्रसाधनं लॉरियल ही फ्रेंच कंपनी बनवते आणि विकते. २०१८ मध्ये हा करार २०५० पर्यंत वाढवला गेला. याला म्हणतात लायसन्स करार. सोप्या भाषेत सांगायचं तर नाव भाड्याने देणं. डिझायनरचं घर नाव वापरायची परवानगी देतं, परफ्युम कंपनी पैसा, कारखाना, जाहिरात आणि वितरण सांभाळते. विक्रीतला ठरलेला हिस्सा रॉयल्टी म्हणून नावाच्या मालकाला मिळतो.

सुगंध तयार करणारा माणूस तर आणखी वेगळाच असतो. त्याला परफ्युमर म्हणतात. तो बहुतेक वेळा जिवोदां, डीएसएम-फर्मेनिश, आयएफएफ, सिमराइज अशा कंपन्यांत नोकरीला असतो. ही नावं सामान्य ग्राहकाने कधी ऐकलेली नसतात, पण त्याच्या घरातला साबण, शाम्पू, डिटर्जंट आणि महागडा परफ्युम यांच्यामागे बऱ्याचदा याच कंपन्या असतात.

अरमानींचा सगळ्यात गाजलेला सुगंध म्हणजे 'अ‍ॅक्वा दी जिओ'. बायकांसाठीचा १९९५ मध्ये आणि पुरुषांसाठीचा १९९६ मध्ये आला. नावाचा अर्थ 'जिओचं पाणी'. जिओ म्हणजे जॉर्जिओचं लाडाचं रूप. प्रेरणा होती पँतेलेरिया या बेटाची, जिथे अरमानी सुट्टीला जायचे. पुरुषांचा सुगंध रचला तो प्रामुख्याने अल्बर्टो मोरिलास या परफ्युमरने. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची आठवण देणारा गंध आणि त्याला संत्र्या-लिंबाच्या कुळातल्या फळांची सुरुवात.

म्हणजे बेट अरमानींचं आवडतं, नाक मोरिलासचं, कारखाना लॉरियलचा आणि बाटलीवर नाव जॉर्जिओचं. यात फसवणूक काही नाही. डिझायनर सुगंधाची दिशा सांगतो, नमुने नाकारतो, शेवटचा निवडतो. पण ग्राहक विकत घेतो ते नाव.

मग सूटपेक्षा बाटली का चालते?

कारण धंद्याचं गणित. डिझायनरचा कोट घ्या. त्याला मापं लागतात. छोटा, मध्यम, मोठा असे सगळे साइज ठेवावे लागतात. सीझन बदलला की उरलेला माल सवलतीत काढावा लागतो. किंमत इतकी असते की तो घेणारे लोक मुळातच थोडे.

आता बाटली घ्या. एकच माप, सगळ्यांना बसतं. यंदा न खपलेली पुढच्या वर्षी विकता येते. कापडासारखी फॅशन जात नाही. संपली की माणूस पुन्हा तीच घेतो. भेट म्हणून देता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्याला अरमानींचा लाखांचा सूट परवडत नाही, त्याला काही हजारांत अरमानींच्या दुनियेत पाय ठेवता येतो. फॅशन शोमधले कपडे मोजकेच लोक घेतात, पण त्या शोचे फोटो बघून परफ्युम घेणारे लाखो असतात. त्या अर्थाने रॅम्पवरचा कोट ही बाटलीची जाहिरातच असते.

हे गणित किती मोठं आहे, याचा अंदाज एका व्यवहारावरून येतो. गुच्ची, बॅलेन्सियागा, बोटेगा व्हेनेटा या ब्रँडची मालक असलेल्या केरिंग कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय लॉरियलला सुमारे ४ अब्ज युरोंना द्यायचं जाहीर केलं. त्यात क्रीड हा परफ्युम ब्रँड होता आणि या फॅशन ब्रँडच्या नावाने परफ्युम बनवायचे ५० वर्षांचे हक्कही होते. गुच्चीसाठी हे हक्क सध्याचा करार संपल्यावर लागू होणार. नाव वापरायला मिळावं म्हणून कंपन्या अर्ध्या शतकाची तजवीज करतात.

कोको शनेल : नाव माझं, हिस्सा १० टक्के

या धंद्याची सुरुवात शंभरेक वर्षांपूर्वीची. १९११ मध्ये पॅरिसच्या पॉल पॉरे या डिझायनरने परफ्युमचा व्यवसाय काढला, पण त्याला स्वतःचं नाही, तर मुलीचं नाव दिलं. रोझीन.

स्वतःचं नाव बाटलीवर लावून इतिहास घडवला तो कोको शनेलने. १९२१ मध्ये तिने अर्नेस्ट बो या परफ्युमरकडून 'शनेल नंबर ५' करून घेतला. सुगंध गाजला, पण मोठ्या प्रमाणावर बनवायला पैसा आणि कारखाना तिच्याकडे नव्हता. १९२४ मध्ये 'पार्फ्यूम्स शनेल' ही कंपनी निघाली. वाटणी अशी झाली : पिएर वर्थायमर ७० टक्के, मध्यस्थी करणारे थिओफिल बादेर २० टक्के आणि शनेल १० टक्के.

बाटली जगभर गेली आणि शनेलला आपण फसलो असं वाटू लागलं. ती पुढची अनेक वर्षं वकिलांमार्फत लढत राहिली. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसवर जर्मनांचा ताबा असताना तिने ज्यूंच्या विरोधातल्या कायद्यांचा वापर करून कंपनी हिसकावण्याचाही प्रयत्न केला, कारण वर्थायमर कुटुंब ज्यू होतं. पण त्यांनी अमेरिकेला जाण्याआधीच कंपनी एका विश्वासू ख्रिश्चन व्यावसायिकाच्या, फेलिक्स आमियोच्या हवाली केली होती. शनेलच्या आयुष्यातलं हे काळं पान आहे आणि ते मुळात एका करारावरून सुरू झालेल्या रागातून लिहिलं गेलं.

१९४७ मध्ये तडजोड झाली. जगभरातल्या परफ्युमविक्रीचे २ टक्के शनेलला मिळू लागले आणि ती प्रचंड श्रीमंत झाली. पुढे १९५४ मध्ये तिने कपड्यांच्या दुनियेत पुनरागमन केलं, तेव्हा पैसा लावला तो याच वर्थायमरने. आज शनेल कंपनी त्याच कुटुंबाच्या मालकीची आहे. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध फॅशन नावांपैकी एक, पण नावाची मालकी दुसऱ्या आडनावाकडे.

हाल्स्टन : नाव विकलं आणि संपला

शनेल निदान श्रीमंत झाली. रॉय हाल्स्टनची गोष्ट जास्त बोचणारी आहे.

हाल्स्टन हा अमेरिकेचा पहिला सुपरस्टार डिझायनर म्हणता येईल. जॅकलिन केनेडी यांनी १९६१ मध्ये पतीच्या शपथविधीला घातलेली डबीच्या आकाराची टोपी त्याची. १९७३ मध्ये त्याने आपली कंपनी आणि आपलं नाव नॉर्टन सायमन या मोठ्या उद्योगसमूहाला विकलं. १९७५ मध्ये त्याच्या नावाचा परफ्युम आला. एल्सा पेरेत्ती या दागिन्यांच्या डिझायनरने त्याची थेंबासारखी बाटली घडवली. परफ्युम तुफान चालला.

मग १९८० च्या दशकात हाल्स्टनने जेसी पेनी या स्वस्त कपड्यांच्या साखळी दुकानांसाठी कपडे करायचा करार केला. महागडी दुकानं बिथरली. त्याच काळात नॉर्टन सायमन कंपनी दुसऱ्याने विकत घेतली, मग तिसऱ्याने. नव्या मालकांचं आणि हाल्स्टनचं जमेना. १९८४ मध्ये त्याला त्याच्याच कंपनीतून बाहेर काढण्यात आलं.

बाहेर पडल्यावर त्याच्याकडे हात होते, कात्री होती, कौशल्य होतं. पण 'हाल्स्टन' या नावाने कपडे विकायचा हक्क नव्हता. नाव परत मिळवायचे त्याचे प्रयत्न फसले. १९९० मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, तो गेला. त्याच्या नावाची बाटली त्यानंतरही दुकानात विकली जात होती.

अरमानींनी वेगळं काय केलं?

आता पुन्हा मिलानला. १९८५ मध्ये साथीदार गॅलेओत्ती यांचं निधन झालं. पैशांची बाजू तेच बघायचे. डिझायनर एकटा पडला की एखाद्या उद्योगसमूहाला कंपनी विकतो, हा नेहमीचा रस्ता. अरमानींनी तो घेतला नाही. हिशेबाची बाजू त्यांनी स्वतःच्या हातात घेतली.

पुढच्या चाळीस वर्षांत फॅशनमधली बहुतेक मोठी नावं समूहांच्या पोटात गेली. अरमानी कंपनी ना शेअर बाजारात गेली, ना कुणाला विकली गेली. २०२४ मध्ये तिची उलाढाल सुमारे २.३ अब्ज युरो होती आणि सूत्रं ९० वर्षांच्या संस्थापकाकडेच होती.

म्हणजे त्यांनी नाव भाड्याने दिलं, पण घर विकलं नाही. परफ्युम लॉरियलकडे, चष्मे एसिलोरलुक्सॉटिकाकडे. दोघेही भाडेकरू. घरमालक एकटे अरमानी.

आणि म्हणूनच मृत्युपत्राने धक्का दिला. त्यात लिहिलं होतं की वारशानंतर १२ ते १८ महिन्यांच्या आत कंपनीचा १५ टक्के हिस्सा विकावा. प्राधान्य कुणाला? एलव्हीएमएच, लॉरियल, एसिलोरलुक्सॉटिका किंवा तशाच तोडीची एखादी कंपनी. नंतरच्या टप्प्यात, तीन ते पाच वर्षांत, त्याच खरेदीदाराला आणखी ३० ते ५४.९ टक्के द्यावेत. ते जमलं नाही तर कंपनी शेअर बाजारात आणावी. मात्र अरमानींनी २०१६ मध्ये स्थापन केलेल्या फाउंडेशनकडे किमान ३०.१ टक्के हिस्सा कायम राहावा.

यादी पुन्हा वाचा. तीनपैकी दोन नावं जुन्या भाडेकरूंची आहेत. परफ्युम बनवणारा उद्या कपड्यांच्या घराचाही मालक होऊ शकतो.

याचा अर्थ अरमानींनी हार मानली का? दोन्ही बाजूंनी बोललं जातं. एक बाजू म्हणते, आयुष्यभर जपलेलं स्वातंत्र्य शेवटी त्यांनीच मोडीत काढलं. दुसरी बाजू म्हणते, मूल नसलेल्या माणसाने भाचवंडांमध्ये भांडणं लागण्याऐवजी अटी स्वतः लिहून ठेवल्या. कुणाला विकायचं, किती, कधी, आणि किती विकायचंच नाही. हाल्स्टनकडे यातला एकही निर्णय उरला नव्हता. शनेलला तो तेवीस वर्षांच्या भांडणानंतर मिळाला. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात म्हणूनच जास्त दम आहे. नाव विकणं ही हार नसते, स्वतःच्या अटी न घालता विकणं ही हार असते.

भारतात काय चाललंय?

आपल्याकडे हा खेळ गेल्या काही वर्षांत सुरू झाला आहे. जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेलने सब्यसाची मुखर्जी यांच्या ब्रँडमधला ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटी रुपयांना घेतला. पुढे सब्यसाची हे नाव एस्टी लॉडरच्या लिपस्टिकवरही आलं. त्याआधी २०१८ मध्ये मुंबईच्या मनीष मल्होत्रा यांनी मायग्लॅमबरोबर आपल्या नावाची सौंदर्यप्रसाधनं आणली होती.

पण महाराष्ट्रातून बघायचं तर सगळ्यात बोलकं उदाहरण मसाबा गुप्ताचं. ती मुंबईत वाढली, एसएनडीटीच्या प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निकमध्ये शिकली. गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला या वाटेवर आणलं. २००९ मध्ये, विशीही ओलांडली नसताना, लॅक्मे फॅशन वीकमध्ये तिचं पहिलं कलेक्शन आलं. साडीवर गाय, कॅमेरा अशी ठसठशीत चित्रं हीच तिची ओळख झाली. २०१२ मध्ये, २३ व्या वर्षी, सत्या पॉल या ब्रँडची सूत्रं तिच्याकडे आली.

जानेवारी २०२२ मध्ये आदित्य बिर्ला फॅशनने 'हाउस ऑफ मसाबा'चा ५१ टक्के हिस्सा ९० कोटी रुपयांना घेतला. त्याच वर्षी 'लव्हचाइल्ड बाय मसाबा' हा सौंदर्यप्रसाधनांचा ब्रँड आला. लिपस्टिक, नेलपेंट आणि अर्थातच परफ्युम. अभिनेत्री नीना गुप्ता आणि क्रिकेटपटू व्हिव रिचर्ड्स यांची ही मुलगी. आई-वडिलांचं लग्न झालेलं नव्हतं म्हणून लहानपणी जो शब्द टोमण्यासारखा चिकटला, तोच तिने बाटलीवर छापला.

क्रम बघा. आधी कपडे, मग ओळख, मग मोठी कंपनी, मग बाटली. पॅरिस आणि मिलानमध्ये जे घडलं तेच. फरक इतकाच की ५१ टक्के दुसऱ्याकडे गेले की कंपनीच्या मालकीचा शेवटचा शब्दही सहसा तिकडे जातो. डिझायनर चेहरा म्हणून राहते, काम करते, पण पुढे कधी वाट वेगळी झाली तर काय, याचं उत्तर करारात असतं, इन्स्टाग्रामवर नसतं.

कायदा काय म्हणतो?

भारतात ट्रेडमार्क कायदा, १९९९ लागू आहे. त्यात तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, नावाची नोंदणी वस्तूंच्या वर्गानुसार होते. कपडे २५ व्या वर्गात, परफ्युम आणि सौंदर्यप्रसाधनं ३ ऱ्या वर्गात, दागिने १४ व्या वर्गात. म्हणजे कपड्यांसाठी नाव नोंदवलं म्हणून परफ्युमसाठी ते आपोआप सुरक्षित होत नाही. एका व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण.

दुसरी, कलम ३५. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला कुणी सहसा अडवू शकत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'राक्यान' या आडनावावरून झालेल्या सराफांच्या वादात याच कलमाच्या आधारे आडनाव वापरायची मुभा दिली होती.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. कलम ३५ ढाल आहे, पण तुम्हीच करारात 'हे नाव मी दुसऱ्या धंद्यात वापरणार नाही' असं लिहून सही केली असेल, तर त्या ढालीमागे लपणं फार अवघड. ब्रिटिश परफ्युम उद्योजिका जो मलोन हिने १९९९ मध्ये आपला ब्रँड एस्टी लॉडरला विकला. २००६ मध्ये ती बाहेर पडली आणि २०११ मध्ये नवा ब्रँड काढला, तेव्हा त्याचं नाव ठेवावं लागलं 'जो लव्ह्ज'. स्वतःच्या आडनावाशिवाय.

नागपूरचा यात काय संबंध?

संबंध दिसतो त्यापेक्षा जास्त आहे. नागपुरात बसून काम करणाऱ्या श्रुती संचेती यांनी लॅक्मे फॅशन वीकपर्यंत मजल मारली आहे. त्यांच्या लेबलचं नाव 'पिनॅकल', आणि त्यामागे 'बाय श्रुती संचेती'. लेबलला वेगळं नाव असणं ही एरवी बारीक वाटणारी गोष्ट आहे. पण वर सांगितलेल्या गोष्टी वाचल्यावर तिचा उपयोग कळतो. असं वेगळं नाव असलं की उद्या कुठल्याही डिझायनरला लेबल विकूनही आपलं नाव जवळ ठेवण्याची बोलणी करता येतात. लेबलचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव एकच असलं की ती वाट अरुंद होते.

सुगंधाचं म्हणाल तर त्यातही मराठी माणूस शंभर वर्षांपासून आहे, फक्त बाटलीवर दिसत नाही. एस. एच. केळकर आणि कंपनी १९२२ मध्ये मुंबईत सुरू झाली. साबण, अगरबत्ती, डिटर्जंट यांना लागणारे सुगंध बनवणारी ही देशातली आघाडीची कंपनी. २०१५ मध्ये ती शेअर बाजारात आली. मुलुंडच्या वझे-केळकर महाविद्यालयामागेही हेच केळकर कुटुंब आहे. नागपुरात १९४२ पासून असलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तर तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. म्हणजे या शहरातल्या मुलाला डिझायनर व्हायचं नसेल, तर बाटलीतला द्रव समजून घेण्याची वाटही आहे.

आणि कच्चा माल? संत्र सोलताना बोटांना जो वास लागतो, तो सालीतल्या तेलाचा. परफ्युमच्या दुनियेत संत्र-लिंबू वर्गातल्या सालींचं तेल हा पहिल्या काही मिनिटांचा गंध असतो. झाकण उघडल्यावर तोच आधी येतो आणि तोच आधी उडून जातो.

इथेच एक गंमतशीर फरक आहे. 'नागपूर संत्र' या नावाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. विदर्भातल्या टसर साड्यांनाही, ज्यांच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, 'करवत काठी' नावाने ते मिळालं आहे. जीआयचा कायदाही १९९९ चाच. पण त्याच्या २४ व्या कलमात म्हटलं आहे की हे नाव कुणाला विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. कारण ते एकाचं नाही, तिथल्या सगळ्या शेतकऱ्यांचं, विणकरांचं आहे.

म्हणजे आपल्या देशात गावाच्या नावाला कायद्याने कुंपण घातलं आहे. माणसाच्या नावाला तसं कुंपण नाही. ते त्याला स्वतःच घालावं लागतं, आणि तेही नाव मोठं होण्याआधी.

नागपुरात फॅशन डिझाइन शिकणाऱ्या शेकडो मुला-मुलींपैकी कुणाचं तरी नाव दहा-पंधरा वर्षांनी चालेल. एखादी कंपनी मोठा चेक घेऊन येईल. तेव्हा रक्कम वाचण्याआधी तीन ओळी शोधायला हव्यात. नाव विकतोय की भाड्याने देतोय? कुठल्या वस्तूंसाठी? आणि आपण बाहेर पडलो तर नाव कुणाकडे राहणार?

अरमानींनी या प्रश्नांची उत्तरं मृत्युपत्रात लिहून ठेवली, कारण तोपर्यंत नाव त्यांच्याच हातात होतं. ज्यांचं नाव आधीच निसटलं, त्यांच्या बाटल्या आजही काउंटरवर चमकतात. विकत घेणाऱ्याला फरक कळत नाही. ज्याचं नाव असतं, त्याला कळतो.